मार्चमधलं ग्रँड कॅनियन: हर्मिटने खाली, ब्राइट एंजलने वर

वाळवंटात बॅकपॅकिंग करायचं तर मार्चमध्ये, हे ॲरिझोनात फिरणारा कुणीही सांगेल. पण ग्रँड कॅनियनचा मार्च म्हणजे एका ट्रेकमध्ये दोन ऋतू हे लक्षात ठेवूनच बॅग भरा. वर साउथ रिम (दरीचा दक्षिणेकडचा वरचा कडा) साधारण 2100 मीटरवर, तिथे रात्री सर्रास शून्याखाली जातं, आणि खाली नदीजवळ दुपारी 20-21 डिग्री, टीशर्टवर फिरावं असं. आम्ही सगळे कॅलिफोर्नियाच्या बे एरियातले पण मूळचे सह्याद्रीत भटकलेले, त्यामुळे ‘डोंगर काय नवीन आहे का’ असा थोडा माज होता. इथे आधी उतरायचं असतं आणि दमलेल्या पायांनी शेवटी चढायचं असतं, तेव्हा तो आपोआप उतरतो.

आमचा रूट हर्मिट ट्रेलने खाली, मग टोंटो ट्रेलने आडवं, आणि ब्राइट एंजलने वर. मुक्काम हर्मिट क्रीक, मॉन्युमेंट क्रीक आणि हवासुपाई गार्डन्स. पार्कवाले पहिल्यांदा येणाऱ्यांना ब्राइट एंजल आणि साउथ कायबाबच सुचवतात आणि ते बरोबरच आहे, तिथे रस्ता राखलेला असतो, रेंजर असतात. हर्मिट तसा नाही. 1911 च्या सुमाराला सांता फे रेल्वेने टुरिस्टांसाठी हा बांधला, खाली हर्मिट कॅम्प काढला, 1930 मध्ये तो बंद पडला आणि तेव्हापासून वाट तशी वाऱ्यावरच आहे. काही ठिकाणी दरड कोसळून वाट गायब, दगडांवरून हातपाय टेकत जायचं. पण हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केला असेल तर बिनधास्त जा.

मुक्कामाचं परमिट रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर लॉटरीने मिळतं. मार्चचं हवं असेल तर दिवाळीच्या आसपासच अर्ज टाकायचा, जानेवारीत आठवण येऊन उपयोग नाही. परमिटमध्ये कुठल्या रात्री कुठे मुक्काम ते ठरवूनच द्यावं लागतं, म्हणजे खरं प्लॅनिंग तेव्हाच होतं आणि ते किलोमीटर बघून करू नका, पाणी बघून करा. हर्मिट आणि मॉन्युमेंट या दोन ओढ्यांना बारमाही पाणी आहे, फिल्टर करून प्यायचं. मॉन्युमेंट ते हवासुपाई गार्डन्स मात्र जवळजवळ 17 किलोमीटर उघडा पठारी रस्ता, सावली नावाला, आणि मधल्या सॉल्ट क्रीकचा भरवसा नाही. त्याच्या पुढचा हॉर्न क्रीक वाहता दिसला तरी हात लावू नका, वर जुनी ऑर्फन युरेनियमची खाण आहे आणि त्या पाण्यात युरेनियम सापडलंय. उकळून किंवा फिल्टर करून ते जात नाही. आम्ही मॉन्युमेंटहून माणशी चार लिटर घेऊन निघालो, जड झालं, पण उगाच नाही वाटलं.

हवासुपाई गार्डन्सला नळ आहे (2022 पर्यंत ‘इंडियन गार्डन’ म्हणायचे, हवासुपाई लोकांना तिथून हुसकावलं होतं, त्यांच्या मागणीवरून नाव बदललं). पण तिथलं पाणी येतं त्या जुन्या पाइपलाइनला 2010 पासून 85 पेक्षा जास्त मोठे ब्रेक झालेत, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी पार्कच्या साइटवर बघाच. आणि ब्राइट एंजलवरच्या दोन रेस्टहाउसचे नळ मार्चमध्ये बंद असतात, नकाशावर पाण्याचं चिन्ह दिसलं म्हणून गाफील राहू नका.

दुसरी गोष्ट बर्फ. हर्मिटचा वरचा टप्पा सावलीत, दिवसा वितळलेलं पाणी रात्री परत गोठतं आणि सकाळी नुसती काच. मायक्रोस्पाइक घ्याच. बुटांवर चढवायचे रबरी पट्टे आणि खाली छोटे खिळे, वजन काहीच नाही. सांता मारिया झऱ्याच्या बऱ्याच आधी ते काढून बॅगेत टाकले, मग थेट शेवटच्या दिवशी ब्राइट एंजलच्या वरच्या वळणांवर परत बाहेर आले. रिमपासून हर्मिट क्रीकपर्यंत उतार 1100 मीटरच्या वर, म्हणजे बारीतून कळसूबाई चढतो त्याहून जास्त. कॅथीड्रल स्टेअर्स नावाच्या वळणांवर गुडघे बोलायला लागतात, त्यामुळे दोन काठ्या हव्यातच.

खाण्याचं सांगते. गरम पाणी घालून खायची फ्रीझ ड्राय पाकिटं महाग आणि दोन दिवसांत कंटाळा येतो. आम्ही दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, इन्स्टंट राइसवर मेतकूट-तूप, आणि भाजून नेलेलं उपमा मिक्स असं नेलं. तूप छोट्या स्क्रूच्या बाटलीत, थंडीत गोठतं म्हणून बाटली रात्री स्लीपिंग बॅगमध्ये. शेकोटीला रिमखाली सक्त बंदी, स्टोव्हच लागतो, आणि गॅसचा डबा विमानात नेता येत नाही तर वाटेतल्या फ्लॅगस्टाफ शहरात घ्या. डोमकावळे बॅगेच्या चेन उघडतात, खरंच उघडतात, मॉन्युमेंटला एकाने आमच्यासमोर चोचीने चेन सरकवून राजगिरा लाडवाचं पाकीट काढलं. रात्री उंदीर. खाणं कडक डब्यात ठेवा.

टोंटोवरचा दिवस मला सगळ्यात आवडला. नकाशावर हवासुपाई गार्डन्स हाकेच्या अंतरावर दिसतं, पण प्रत्येक घळीत आत शिरून वळसा घालून परत बाहेर यावं लागतं, अर्धा तास चालून समोर बघावं तर मघाचाच खडक. ब्रिटलबुशच्या झुडपांना पिवळी फुलं नुकती लागत होती. इथे घाई केलीत तर वैतागाल, म्हणून उजाडताच निघा.

वेळेची एक गंमत. ॲरिझोना घड्याळ बदलत नाही. मार्चच्या दुसऱ्या रविवारी कॅलिफोर्नियाचं पुढे जातं आणि दोन्हीकडे सारखी वेळ होते, त्याआधी आलात तर एक तासाचा फरक. पार्कच्या पहिल्या शटल बसची वेळ फोनवर नाही, तिथल्या बोर्डवर बघा. हर्मिट ट्रेल जिथून सुरू होतो त्या हर्मिट्स रेस्टला जाणाऱ्या हर्मिट रोडवर 1 मार्चपासून खाजगी गाड्या बंद असतात, म्हणून गाडी ब्राइट एंजलच्या बाजूला, रिमवरच्या ग्रँड कॅनियन व्हिलेजमध्ये लावा आणि लाल रूटच्या शटलने हर्मिट्स रेस्टला जा, म्हणजे वर आल्यावर गाडी जवळ. त्या शेवटच्या 930 मीटर चढावर खेचरं भेटतात, डोंगराच्या बाजूला सरकून उभं राहा आणि खेचरवाला सांगेल ते ऐका. मेदर कॅम्पग्राउंडजवळ पैसे देऊन गरम शॉवर मिळतो, त्याच्या वेळा आधीच बघून ठेवा.