आधी त्याचं सांग, मग तुझं

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेत कौलारू इमारतीबद्दल, स्नेहसंमेलनांबद्दल, क्रीडा महोत्सवातल्या कबड्डीच्या सामन्यांबद्दल कुणी ना कुणी लिहीलच. मला लिहायचंय शुक्रवारच्या शेवटच्या तासाबद्दल. वेळापत्रकात तो 'मराठी' म्हणूनच लागलेला असायचा, पण प्रत्यक्षात तो वादविवादाचा तास होता. आम्ही आठवीत आलो तेव्हापासून २०१३ साली दहावी होऊन बाहेर पडेपर्यंत आमच्या बाईंनी तो तास दुसऱ्या कुठल्याही विषयाला दिला नाही. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला म्हणून कुणी मागितला तरी नाही.

बाईंचं नाव मी लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसतं 'बाई' म्हटलं तरी कोण ते कळतं, आणि त्यांना स्वतःचं नाव छापलेलं कधीच आवडलं नाही.

शाळेत वक्तृत्व म्हणजे बहुतेक ठिकाणी काय असतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. लोकमान्यांची पुण्यतिथी किंवा शिवजयंती आली की एखादे सर भाषण लिहून देतात, मूल ते पाठ करतं, 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रमैत्रिणींनो' इथून निघून 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते' इथपर्यंत येतं. मधे कुठे 'सिंहगर्जना' हा शब्द आला की उजवा हात वर. एखादी ओळ विसरली की मूल थिजून उभं राहतं, कारण पुढची ओळ मागच्या ओळीला बांधलेली असते आणि दोन्ही ओळी त्याच्या नसतात. मला या पद्धतीचा मनापासून राग आहे. लहान मुलाला सभेसमोर उभं राहण्याची सवय होते, हे खरं. पण बोलायचं म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं न चुकता म्हणून दाखवायचं, हेच त्याच्या मनावर ठसतं, आणि पुढे वर्षानुवर्षं ते जात नाही.

बाईंच्या तासाला लिहिलेलं भाषण चालायचं नाही. त्यांच्या टेबलावर भिंतीवरच्या रोजच्या कॅलेंडरची फाडलेली पानं दोरीत ओवून ठेवलेली असायची. बोलणाऱ्याने त्यातलं एक पान घ्यायचं आणि कोऱ्या बाजूवर मावतील तेवढे शब्द लिहायचे. पूर्ण वाक्य लिहायचं नाही, नुसते शब्द. 'डिझेल – कर्ज – खलाशी' एवढंच. वाक्य उभ्या उभ्या जुळवायचं. पहिल्या काही शुक्रवारी आमची वाक्यं मधेच तुटायची, क्रियापद सापडायचं नाही. बाई खिडकीपाशी उभ्या राहून वाट बघायच्या. पुढचा शब्द सुचवायच्या नाहीत आणि दुसऱ्या कुणाला सुचवूही द्यायच्या नाहीत. ती शांतता सहन करायला शिकणं हा त्या शिक्षणाचा फार मोठा भाग होता, असं मला आता वाटतं. बोलताना थांबायची भीती गेली की घाई जाते, आणि घाई गेली की आवाज आपोआप खाली, पोटाशी येतो.

आवाजाचं शिक्षण पावसाळ्यात व्हायचं. जुलैत कौलांवर आणि पडवीच्या पत्र्यावर असा पाऊस वाजायचा की शेजारच्या बाकावरचं ऐकू येत नसे. आम्ही ओरडायचो. बाई म्हणायच्या, ओरडू नको, सावकाश बोल, शब्दाचं शेवटचं अक्षर खाऊ नको आणि शेवटच्या बाकावरच्याकडे बघून बोल. हे खरोखर चालतं. विश्वास नसेल त्याने भर पावसात पत्र्याखाली करून बघावं.

आणखी एक गोष्ट बाईंनी केली, ज्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. पहिली फेरी मालवणीत. घरी जसं बोलतोस तसं बोल, मुद्दा पक्का कर, मग दुसऱ्या फेरीत तोच मुद्दा पुस्तकी मराठीत मांड. आमच्या वर्गात अर्धी मुलं अशी होती, की 'मला असे वाटते' म्हणायची वेळ आली की त्यांना काही वाटेनासंच व्हायचं. तीच मुलं 'माका ह्या पटूक नाय' म्हणून उभी राहिली की थांबायची नाहीत. बाई लगेच विचारायच्या, "कित्याक पटूक नाय, ता सांग." बाई मूळच्या घाटावरच्या, त्यांची मालवणी शिकलेली होती. पण त्यांनी ती शिकली ती आमच्यासाठी.

बाजू नाणं उडवून ठरायची. छापा आला तर ठरावाच्या बाजूने, काटा आला तर विरोधात. तुमचं स्वतःचं मत काय, हे कुणी विचारायचं नाही. आणि सगळ्यात कडक नियम खंडनाचा. समोरच्याचा मुद्दा खोडायचा असेल तर आधी तो मुद्दा आपल्या शब्दांत मांडायचा. समोरच्याने 'होय, मी हेच म्हटलं' अशी मान हलवली तरच पुढे जायचं. नाही म्हणाला तर पुन्हा मांडायचं. वेळ त्यातच संपली तर संपली. चार मिनिटांनी स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजायचा आणि बसावं लागायचं.

त्यातला एक शुक्रवार सविस्तर सांगते.

आम्ही नववीत होतो. किनाऱ्यावर तेव्हा पर्ससीनवरून वातावरण तापलेलं होतं. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगायचं तर, रापण म्हणजे किनाऱ्यावरून समुद्रात वेढा घालून वाडीतल्या माणसांनी मिळून ओढायचं जाळं. जे मिळेल त्याची वाटणी होते. पर्ससीन म्हणजे यांत्रिक बोटीने बांगड्या-तारलीचा अख्खा थवा गोल घेरायचा आणि जाळ्याचा तळ दोरीने आवळून घ्यायचा. एका फेरीत प्रचंड मासळी. रापणकरांचं म्हणणं, आमच्यापर्यंत मासळी पोहोचतच नाही. वर्गात दोन्हीकडची मुलं होती आणि मधल्या सुट्टीत ती एकमेकांशेजारी डबा खायला बसेनाशी झाली होती. बाईंनी फळ्यावर ठराव लिहिला: 'पर्ससीन जाळ्यांनी मासेमारी करण्यावर बंदी घालावी.' मुख्याध्यापकांना तो विषय नको होता, हे आम्हाला नंतर कळलं.

नाणं उडालं आणि रापणकराच्या मुलाच्या वाट्याला बंदीच्या विरोधातली बाजू आली. तो उभा राहून म्हणाला, "बाईनू, माझो बापूस माका घरात घेवचो नाय." बाई म्हणाल्या, "मगे बापाशीक पण हाड आयकूक."

तयारीला आठवडा होता. बाईंचा दुसरा प्रश्न ठरलेला असायचा, 'कोण म्हणतं?' म्हणून आम्ही विचारत फिरलो. मी आणि माझ्या बाजूची मुलगी लिलावाच्या वेळी बंदरावर गेलो, बर्फाच्या कारखान्यात गेलो, एका म्हाताऱ्या रापणकराच्या पडवीत बसून पूर्वी कुठल्या महिन्यात कुठली मासळी लागायची ते वहीत उतरवून घेतलं. तो मुलगा पर्ससीन बोटीवरच्या खलाशांशी बोलून आला. मला वाटतं तो त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

शुक्रवारी त्याचे वडील खरंच आले. आत आले नाहीत, पडवीत खिडकीला टेकून उभे राहिले. मुलगा बोलला. खलाशी हे मालक नसतात, मजुरीवर जगतात. बोटीवर कर्ज असतं आणि बोट किनाऱ्याला लागून राहिली तरी हप्ता थांबत नाही. आपल्या बोटी बंद केल्या तरी परराज्यातल्या बोटी खोल पाण्यात येतच राहणार. माझ्या बाजूची मुलगी खंडनाला उठली आणि तिने मुद्दा मांडला, "तुझं म्हणणं असं, की बंदीने नुकसान फक्त आपल्याच खलाशाचं होणार." तो म्हणाला, "'फक्त' असा मी म्हणूक नाय." तिने पुन्हा मांडला. तो पुन्हा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने मान हलवली. तोवर वर्ग असा कान देऊन ऐकत होता, की पडवीतल्या बापाने मधेच तोंड उघडलं तेव्हा सगळे दचकले. ते म्हणाले, "पोरान सांगल्यान ता खरा. पण म्हावरा संपला तर खलाशी तरी काय करतलो?"

बाईंनी ते वाक्य तसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. आमच्या बाजूने आठवडाभर खपून आम्हाला जे सापडलं नव्हतं, ते खंडन त्यांनी एका वाक्यात दिलं होतं. आणि त्याआधी मुलाचं म्हणणं मान्यही केलं होतं.

तासाच्या सुरुवातीला आणि शेवटी बाई हात वर करायला लावायच्या. बंदीच्या बाजूने सुरुवातीला जवळजवळ सगळा वर्ग होता, शेवटी पाच-सहा हात खाली आले. कोण जिंकलं हे त्यांनी सांगितलं नाही. खाली आलेल्या हातांना मात्र एकेक करून विचारलं, कशामुळे? पुढे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढला, तेव्हा मी दापोलीला कृषी विद्यापीठात शिकत होते. ती बातमी वाचताना दोन्ही बाजूंची माणसं माझ्या डोळ्यांसमोर होती.

आपल्या जिल्ह्यात वक्तृत्वाचा विषय निघाला की बॅरिस्टर नाथ पै यांचं नाव निघतंच. वेंगुर्ल्यात १९२२ साली जन्मलेला हा माणूस १९५७ पासून राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेला आणि जानेवारी १९७१ मध्ये अकाली जाईपर्यंत संसद त्यांचं ऐकत राहिली. त्यांच्या नावाच्या स्पर्धांमधून त्यांच्या वाणीच्या ओघाबद्दल मुलं भरभरून बोलतात. बाई आम्हाला वेगळं सांगायच्या. १९६७ साली गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही. नाथ पैंनी त्यावर खासगी विधेयक आणलं, की घटनादुरुस्तीचा तो अधिकार संसदेला असला पाहिजे. बाईंनी दहावीत आम्हाला हाच ठराव दिला. तयारी करता करता आम्हाला कळलं, की दोन्हीकडे लोकशाहीवर प्रेम असणारी माणसं होती. नागरिकाचे हक्क उद्याच्या बहुमतापासून वाचवायचे, ही एक चिंता. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाचे हात कायमचे बांधायचे का, ही दुसरी. पंधरा वर्षांच्या मुलांना हे झेपेल का, असं एका शिक्षकांनी बाईंना आमच्या देखत विचारलं होतं. झेपलं. सगळं नसेल, पण कुणालाही खलनायक न करता वाद घालता येतो, एवढं तरी नक्कीच झेपलं.

बाहेरच्या स्पर्धांमध्ये आपल्या शाळेला ढाली कमी मिळायच्या. कित्येक स्पर्धांच्या गुणपत्रिकेत पाठांतराला वेगळे गुण असतात, हावभावांना असतात. समोरच्याला नीट ऐकण्याला कुठेच गुण नसतात. काही पालकांनी त्यावरून कुरकुरही केली. बाईंनी मुलांना स्पर्धांना पाठवणं बंद केलं नाही आणि तासाची पद्धतही बदलली नाही.

आज मी देवगड तालुक्यात सहायक कृषी अधिकारी आहे, म्हणजे पूर्वीचं कृषी सहायक हे पद. आंबा-काजूच्या फळपीक विम्याच्या सभा वाडीवाडीत घ्याव्या लागतात. अवकाळी पाऊस, चढतं तापमान यांची नोंद महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर होते आणि भरपाई त्या नोंदीवर ठरते. बागायतदार उठतो आणि तावातावाने विचारतो, केंद्र तिकडे, माझी बाग इकडे डोंगराआड, मग माझा मोहर गळला तो कुणी बघितला? अशा वेळी परिपत्रक वाचून दाखवलं तर सभा तिथेच मोडते. मी आधी त्याचं म्हणणं सगळ्यांसमोर मांडते आणि त्याला विचारते, हेच ना? तो 'होय' म्हणाला की मग नियम सांगते, आणि नियमात जे बसत नाही ते लिहून वर पाठवते. सगळ्यांचं समाधान होतं असं नाही. पण माणसं ऐकून घेतात आणि पुढच्या सभेलाही येतात.

'फक्त'वर अडलेली ती मैत्रीण आता ग्रामपंचायत सदस्य आहे. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत ती बायकांकडून पहिली फेरी मालवणीतच करून घेते, आणि तिथे पक्के झालेले मुद्दे ग्रामसभेत त्या बायका स्वतः उठून मांडतात.

बाई निवृत्त झाल्यावर शुक्रवारचा तो तास पुन्हा अभ्यासक्रमाकडे गेला, असं कळलं. शिक्षकांवर कामाचा किती भार असतो हे मी जाणते, त्यामुळे तक्रार करत नाही, मागणी करते. शनिवारी शाळा सकाळची असते आणि आमच्या कार्यालयांना शनिवारी सुट्टी असते. शनिवारचा शेवटचा तास वादविवादाला द्यावा. आठवी ते दहावीच्या वर्गांना आळीपाळीने माजी विद्यार्थी येतील. आमच्या बॅचमधल्या आसपास राहणाऱ्या सगळ्यांशी मी बोलले आहे आणि महिन्यातले दोन शनिवार माझ्याकडे लावावेत. बाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, पहिल्या तासाला मी येऊन शेवटच्या बाकावर बसेन, मुलांना सांगा मला ऐकू आलं पाहिजे.

विषय मुलांनीच निवडावा. कॅलेंडरची पानं मी गोळा करायला घेतली आहेत.