सगळेच हात वर

आमची सोसायटी इंदिरानगरात, ४८ फ्लॅटची. जूनच्या मीटिंगमध्ये मी विचारलं, "ओला-सुका कचरा वेगळा कोण कोण करतं?" सगळे हात वर. दुसऱ्या दिवशी घंटागाडीपाशी उभी राहिले, तर केळीची सालं, डायपर आणि कुरिअरची खोकी एकाच पिशवीत सुखाने नांदत होती.

अकरावी-बारावीला पंचवीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं आणि तरी मी हातच मोजले! स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या रिचर्ड लापिएर या समाजशास्त्रज्ञाचा १९३४ चा लेख दर वर्षी वर्गात सांगायचे. एका चिनी जोडप्याबरोबर तो अमेरिकाभर फिरला, २५१ हॉटेलं-खाणावळी झाल्या, नकार मिळाला फक्त एकदा. नंतर पत्र पाठवून विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त म्हणाले, नाही. आमच्याकडे उलटं: तोंडाने हो, डब्यात नाही.

मग लिफ्टमध्ये नोटीस लावली. आठवड्यात फरक दिसला. मी जरा फुशारले, तेवढ्यात हे म्हणाले, "अगं, घंटागाडी आता साडेसहाऐवजी आठला येते. लोक उठलेले असतात." झालं! नोटिशीचं श्रेय गेलं गाडीच्या वेळेला. तुलनेला दुसरा गट ठेवलाच नव्हता, तर कळणार कसं?

आता नीट करायचं ठरवलं. ए विंगला पत्र, बी विंगला नाही, असं करणं सोपं होतं. पण बी विंगमध्ये भाडेकरू जास्त, मग तोच फरक मोजला गेला असता. म्हणून ४८ चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या, नातवाने २४ काढल्या. त्या घरांना विनंतीचं पत्र दाराखालून सरकवलं. दारोदार कचरा गोळा करणाऱ्या मावशींकडे फ्लॅट नंबरांची यादी दिली: वेगळा असेल तर टिक, नसेल तर फुली. पत्र कुणाला गेलं ते त्यांना मुद्दाम सांगितलं नाही. माहीत असलं की नजर आपोआप झुकते, मग माणूस कितीही प्रामाणिक असो.

तिसऱ्या दिवशी मावशी विचारतात, "ताई, गुलाबी कागदवाल्यांचा डबा जरा जास्त नीट बघायचा का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"कागद डब्यातच येतात ना. चहाच्या चोथ्यात."

यादी फाडली. पुढच्या महिन्यात नव्याने चिठ्ठ्या काढू, आणि या वेळी पत्र नाही, फोन.