तीन पट्टे, तीन काळ्या कडा

पंधरा दिवसांत कमरेचे तीन पट्टे शिवून झाले. चामडं तिन्हींना एकच, बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं, साडेतीन मिलिमीटर जाडीचं. बदलली ती फक्त कड काळी करायची पद्धत.

पहिल्या पट्ट्याला स्पिरिटचा डाय लावला. कापसाची काडी जरा जास्तच भिजली होती, त्यामुळे रंग कडेवरून वर चढला आणि दर्शनी बाजूला दोन मिलिमीटरपर्यंत डाग गेला. आता काडी आधी जुन्या फडक्यावर टिपते आणि ती जवळजवळ कोरडी झाली की मगच टेकवते. तरीही पांढऱ्या रुमालावर कड घासली तर काळं येतंच. फिकट कपड्यांवर वापरायच्या पट्ट्याला हे चालणार नाही.

दुसऱ्याला एज पेंट, म्हणजे कडेवर थर धरणारा जाडसर रंग. दिसायला सुरेख, रबरासारखी गोल कड. पण चार दिवसांनी बकलाजवळ दुमडलं तिथून पापुद्रा निघाला. चूक माझीच होती: पेंटच्या आधी कड मेण लावून घोटली होती. गुळगुळीत, मेणकट कडेवर पेंटला धरायला काही उरत नाही. पेंट लावायचा असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर थांबायचं, मेण अजिबात नाही, आणि पातळ तीन हात द्यायचे. पावसाळी हवेत प्रत्येक हात वाळायला जास्त वेळ द्यावा लागतो, तिथे घाई केली की खालचा थर ओला राहतो. क्रोम चामड्याची, म्हणजे सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांत कमावलेल्या चामड्याची, कड नीट घोटली जात नाही, तिथे मात्र पेंटच बरा.

तिसऱ्या पट्ट्याचा रंग बाटलीतून आलाच नाही, तो चामड्यातच तयार झाला. बारीक लोखंडी काथ्या साबणाने धुऊन तेल काढलं आणि पांढऱ्या व्हिनेगरमध्ये आठ दिवस बुडवून ठेवला. झाकण सैल ठेवलं, कारण आत हायड्रोजन वायू तयार होतो. मग पाणी कापडातून गाळून घेतलं. हे पाणी कडेला लावलं की चामड्यातलं टॅनिन (साल आणि हिरड्यातून आलेलं तुरट द्रव्य) आणि लोह एकत्र येतात आणि डोळ्यांदेखत करडा, मग निळसर, मग गडद काळा रंग उमटतो. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांच्यापासून शाई करायचे, तीच ही रसायनक्रिया. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत बसले होते. जिथे रंग फिका वाटला तिथे हिरड्याचा काढा लावून पुन्हा हात दिला. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसलं, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं आणि वासही जातो. वाळल्यावर रुमाल घासून पाहिला, तो पांढराच राहिला.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी रापीने, म्हणजे चामडं कापायच्या सुरीने, कड सरळ, मग बेव्हलरने दोन्ही टोकदार कोपरे तासायचे, मग २२०, ४००, ६०० असा पॉलिश पेपर, मग लोहपाणी. डिंक आणि मेण त्यानंतर, कारण एकदा ते बसले की रंग आत शिरत नाही. रात्रभर भिजवलेला डिंक कतिरा बोटाने पातळ लावला, अर्धवट सुकू दिला आणि खाच पाडलेल्या लाकडी दांड्याने घोटला. घर्षणाने कड गरम लागायला लागली की तंतू दबून एकजीव होतात. मधमाशीचं मेण चोळून शेवटचा हात जाड कॅनव्हासने दिला.

एका टोकाला सुमारे पाच इंच कड अजून केसाळ आहे. तो भाग कातड्याच्या पोटाकडचा निघाला, तिथले तंतू सैल असतात आणि कितीही घोटलं तरी बसत नाहीत. पुढच्या पट्ट्या पाठीकडूनच कापणार.

आता तीन थरांचं कार्डहोल्डर घेतलंय. गोंद जिथे बाहेर आला तिथे लोहपाणी शिरलं नाही आणि थरांमध्ये दोन फिकट रेघा दिसताहेत. उद्या २२० ने पुन्हा खाली उतरून गोंद घासून काढते आणि दुसरा हात देते.