आत्याचं कुलमुखत्यारपत्र: नोटरीकडे ओळख कशी पटवली

सामाईक जमिनीच्या सातबाऱ्यावर आत्याचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. तलाठी, मोजणी वगैरे धावपळ मी करावी म्हणून तिचं कुलमुखत्यारपत्र करायला कुडाळला गेलो, तर नोटरींनी आधी हीच गाठ धरली. आधारवरचा फोटो जुळला, तरी सातबाऱ्यावरची बाई हीच हे त्यावरून ठरत नाही. विवाह नोंदणीचा दाखला असता तर प्रश्न मिटला असता. तेव्हाच्या लग्नांना तो कुठला असायला! मग वारसांचा फेरफार (जमिनीवर वारसांची नावं लागल्याची महसुली नोंद), ज्यात ती 'मुलगी' म्हणून आहे, आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं. दस्तातही 'ऊर्फ' घालून दोन्ही नावं लिहिली. ओळखणारे साक्षीदार एक माहेरचा, एक सासरचा घ्यावा. दोघेही सासरचे असले तर माहेरचं नाव सांगणार कोण? त्यांचीही मूळ ओळखपत्रं लागतात.

सही किंवा अंगठा घरून करून नेऊ नका, तो नोटरीसमोरच व्हायला हवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ८४ (पूर्वीच्या पुरावा कायद्यातलं ८५) दस्त खरा धरतं ते नोटरीसमोर करून दिलेला आणि त्यांनी प्रमाणित केलेला असेल तरच.

आत्याचे हात काजू सोलून गेलेले. टरफलातलं तेल कातडी खातं, रेषा पुसट होतात. पॅडवर अंगठा जोरात दाबला की कागदावर नुसता निळा डाग येतो. साबणाने हात धुऊन कोरडे करायचे, शाई पातळ लावायची आणि अंगठा नखाच्या एका कडेपासून दुसरीकडे हलकेच फिरवायचा. शेजारी नाव आणि 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा'.

मजकूर मराठीत वाचून दाखवल्यावर नोटरींनी मला बाहेर बसवून तिला एकटीला विचारलं, कागद कसला, कोणाला देतेस? हे मला फार पटलं. मुखत्यार शेजारी असताना म्हातारं माणूस मान डोलावतंच.

निघताना शिक्का, नोटरीची सही आणि दस्तावरचा रजिस्टरचा अनुक्रमांक ताडून घ्या. रजिस्टरमध्येही अंगठा घेतात. कोऱ्या जागा आडव्या रेघेने बंद करा.

या कागदावर जमीन विकायचा बेत मात्र नको. दुसऱ्याच्या वतीने दस्त नोंदणीला सादर करायचा तर, देणारी व्यक्ती भारतातच राहत असल्यास, नोंदणी अधिनियमाच्या कलम ३३ प्रमाणे दुय्यम निबंधकासमोर (सब-रजिस्ट्रार) केलेलं मुखत्यारपत्र लागतं. देणाऱ्याला आजारपणामुळे जाणं अशक्य असेल, तर अधिकारी घरी येऊ शकतात.