लिंबाखालचा सिग्नल

परवा दुपारी दोनला परभणीत सिग्नलला थांबलो. पुढची पांढरी पट्टी रिकामी. सगळ्या गाड्या तिच्या वीस-पंचवीस पावलं मागं, एका लिंबाखाली दाटीवाटीनं उभ्या. सिग्नल हिरवा झाला तरी पुढच्याला निघायची घाई नव्हती, आणि नवल म्हणजे मागचाही हॉर्न वाजवत नव्हता.

मेच्या मध्यात आपल्याकडं सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो. भिंतींची सावली त्यांच्या पायालासुद्धा पुरत नाही. मग झाडच.

पत्र्याच्या सावलीला मी सावली धरत नाही. बायको म्हणते, हा हट्ट आहे. असेल. पण बसथांब्याच्या पत्र्याखाली उभं राहून बघा. ऊन अडतं खरं, पण तो पत्राच तव्यासारखा तापून वरून धग सोडत राहतो. लिंबाचं तसं नाही. मुळांनी ओढलेलं पाणी पानापानातून वाफ होऊन जातं, माठ पाझरावा तसं. म्हणून त्याच्याखाली नुसतं ऊन नसतं असं नाही, गार असतं.

गावाकडं आबांची बाज उन्हाळ्यात एका जागी कधी नसायची. सकाळी आडाजवळ, बाराला लिंबाच्या बुंध्याशी, चारच्या सुमाराला गोठ्याच्या दारात. पायाला ऊन लागलं की आबा डोळे न उघडता म्हणायचे, "वढा रे." आम्ही दोघं भाऊ एकेक खूर धरून बाज ओढायचो. आबा बाजेवरच! भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याला किल्ली द्यायची आठवण कुणाला? बाज गोठ्याशी पोचली की आई चहाचं आधण ठेवायची. आषाढात त्याच बाजेवर पिकलेल्या लिंबोळ्या टपटपायच्या. तो कडवट गोड वास आला की मला आजही दुपारची झोप येते.

संध्याकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्याला वळलं की दंडांना गारवा लागतो. गावातलं सिमेंट मात्र दिवसभर प्यालेलं ऊन रात्री उशिरापर्यंत ओकत असतं. आमच्याकडं बहात्तर म्हटलं की दुष्काळच. हे विद्यापीठही त्याच साली, १९७२ मध्ये निघालं. मला याची नेहमी गंमत वाटते, का ते सांगता येणार नाही.

तर परवा गाडी कडेला लावून त्याच लिंबाखालच्या रसवंतीवर बसलो. बुंध्यावर लाल रंगात आकडा होता, ११४. शहरातली झाडं दर पाच वर्षांनी मोजावीत, असं १९७५ चा कायदा सांगतो. पण तोडायची झाडंही आधी अशीच रंगवतात. रस्ता रुंद होणार, हे कानावर आलेलंच होतं.

"मोजलंय की तोडणार?" मी विचारलं.

रसवाल्यानं ग्लास विसळता विसळता आकड्याकडं वळूनही पाहिलं नाही.

"दोन साल झाले लिहून. सांगाया कुणी आलंच नाही. तुम्ही इस्टूल वढा इकडं, ऊन आलं पायावर."