कडेवर सापडलेलं साल

जॉर्ज सहाव्याचा रुपया तपासायला आला की मी आधी कड बघतो, मग साल. परवा एक ताई असे अकरा रुपये घेऊन आल्या. दहा घरच्या ट्रंकेतले, अकरावा त्यांच्या भावाने एका प्रदर्शनात विकत घेतलेला. त्यावर साल १९३९. मुंबई टांकसाळीचा हा रुपया क्वचितच हाती लागतो, त्यामुळे संग्राहक त्याला शेजारच्या सालांच्या कितीतरी पट किंमत मोजतात. म्हणूनच त्याच्या नकलाही होतात.

वजन भरलं ११.६२ ग्रॅम. मूळ वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. झीज धरली तर ठीक. व्यासही जुळला. पण या रुपयाच्या बाबतीत काटा फसवतो. १८३५ पासून रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी होती. १९४० मध्ये, युद्धाच्या ओढाताणीत, ती निम्म्यावर आली. बाकी ४० टक्के तांबं, ५ निकेल, ५ जस्त. वजन मात्र तेवढंच राहिलं. बदलली ती कड. १९३९ पर्यंत नुसते उभे दाते. १९४० पासून दात्यांच्या मधोमध चर आणि चरात नक्षी, बनावट नाणी पाडणं अवघड व्हावं म्हणून.

या १९३९ च्या रुपयाला चर होता.

तरी पाण्यातलं माप घेतलंच. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणायचा, नाणं बारीक दोऱ्याने पूर्ण बुडेल असं लटकवायचं, तळाला आणि काचेला लागू द्यायचं नाही. दिसतो तो आकडा म्हणजे नाण्याने सारलेलं पाणी. कोरड्या वजनाला त्याने भागायचं. चांदी कमी असली की हा भागाकार कमी येतो. दात्यांत हवेचे बुडबुडे अडकले किंवा नाणं तळाला टेकलं, तर आकडा फुगतो आणि चांगलं नाणंही हिणकस ठरतं. म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब, आणि माप तीनदा.

तिन्ही वेळा १.२२ ग्रॅम. भागाकार ९.५. त्यांच्याच पिशवीतल्या १९३८ च्या रुपयाचा आला १०.३, जुन्या कसाला साजेसा.

मग दहापट भिंगाखाली साल पाहिलं. १ आणि पहिला ९ मूळचे, कडा मऊ झिजलेल्या. ३ आणि शेवटचा ९ धारदार, भोवतालचा पृष्ठभाग किंचित खोल आणि एका दिशेने घासलेला. १९४० मधले ४ आणि ० काढून तिथे नवे आकडे बसवले होते.

"म्हणजे खोटा का हो?" ताईंनी विचारलं.

"रुपया टांकसाळीचाच आहे, ताई. साल खोटं आहे."

घरच्या दहा रुपयांना चिंच-राख लावू नका, असं मी त्यांना कळकळीने सांगितलं. घासलेल्या नाण्याची संग्राहकी किंमत जाते आणि कडेवरची खूणही बुजते. अकराव्याच्या पाकिटावर दोन्ही वजनं, भागाकार आणि 'कडेला चर' एवढं लिहून दिलं. भाऊ विक्रेत्याकडे जाईल तेव्हा ते पाकीट सोबत लागेल.