तुम्ही विचारलंत म्हणून: औषध आहे, तर डोळ्यात टाकत का नाही?

गावाकडे, दारव्ह्याच्या बाजारात नाहीतर एखाद्या लग्नाच्या मांडवात, हा प्रश्न येतोच. काचबिंदूत मरणाऱ्या मज्जापेशी कदाचित वाचवेल असं औषध मी डोळ्याच्या पडद्यावर तपासते, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. मग ससे कशाला आणि एवढी वर्षं कशाला?

कारण ग्लुटामेट नावाचं रसायन फार झालं की या पेशी मरतात, आणि पडद्यातल्या पेशी एकमेकींना निरोप देतात तेही ग्लुटामेटनंच. आमचं औषध त्यालाच आवर घालतं. आवर जरा जास्त झाला, तर जी नजर वाचवायची तीच मंदावते. म्हणून सशाच्या एका डोळ्यात औषध, दुसऱ्यात नुसतं सलाइन. मग अंधारात ठेवून, मंद लाल उजेडात बुबुळावर इलेक्ट्रोड लावायचा, प्रकाशाचा झोत द्यायचा आणि ईआरजीचा, म्हणजे पडद्यातून निघणाऱ्या विजेच्या संकेतांचा, आलेख बघायचा. आधी खाली जाणारी ए-लहर, मग वर चढणारी बी-लहर. जास्त मात्रेला ए जशीच्या तशी राहिली आणि बी बसली. म्हणजे प्रकाश टिपला जात होता, निरोप पुढे जात नव्हता. पेशी मेल्या की नुसत्या दबल्या, हे पडद्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय कळत नाही.

हे सगळं मी मोठेबाबांना ओसरीवर बसून सांगितलं. त्यांना दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. बाजूचं दिसत नाही, बंडी धुऱ्यावर चढते, म्हणून बैल जुंपणं सोडलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ससे कायले मारतं? माहा डावा डोळा गेल्यातच जमा हाये. थो घे. मी सही करून देतो."

मी त्यांचा उजवा डोळा झाकला, समोर बोटं धरली. "किती?"

"तीन."

बरोबर होतं. म्हटलं, "मोठेबाबा, एवढं उरलंय. इंजेक्शन आत गेलं की परत काढता येत नाही."

"उरलं थे माहं हाये ना? तुहं थोडी हाये?"

मी निघेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

पीएच.डी.ला लागले तेव्हा मीसुद्धा म्हणायचे, नजर जाणारच असेल तर धोका पत्करायला काय हरकत? त्या मुलीला मी आज मेमँटिन दाखवते. स्मृतिभ्रंशात आधीपासून वापरात असलेलं औषध, काचबिंदूच्या दोन हजारांहून जास्त रुग्णांवर चार वर्षं तपासलं, 2018 मध्ये निकाल छापून आले: नजर वाचल्याचं सिद्ध झालं नाही. आधी मान्यता मिळालेल्या औषधाची ही गत, तर आमच्या औषधाच्या भरवशावर कोणाचा डोळा मागायचा? ती मुलगी मात्र विचारते, चार वर्षांत मोठेबाबांचं काय होईल? तिला माझ्याकडे उत्तर नाही.

त्यांना मी आजही नाहीच म्हणेन. त्यांचं म्हणणं चूक होतं, असं मात्र माझ्या तोंडून निघणार नाही. डोळ्यातला दाब उतरवणारे थेंब त्यांनी रोज टाकावेत म्हणून फोन करते. ते उचलतात, "टाकले" म्हणतात, आणि लगेच विचारतात, सशाचं काय झालं.